हात दाखवा, मग आत या

करीम सर गेल्याची बातमी मला कळली ती आमच्या संस्थेच्या सचिवांच्या मेसेजवरून, आणि याचाच आधी संताप येतो. स्टाफरूममध्ये नुकताच डबा उघडला होता. फोनवर सरांचा फोटो, त्याला हार, आणि खाली 'आमच्या शाळेचे भूषण हरपले'. भूषण! ज्या माणसाकडून यांनी दहावीचा इंग्रजीचा तास काढून घेतला आणि नोकरीची शेवटची वर्षं पाचवीला एबीसीडी गिरवायला बसवलं, तो मेल्यावर यांचं भूषण झाला. मी डबा तसाच झाकून ठेवला.

कळमनुरीच्या अलीकडच्या एका गावातली ही शाळा. मी इथेच शिकले आणि आता इथेच इंग्रजी शिकवते. आमच्या तांड्यावरून तेव्हा दहावीपर्यंत पोचणाऱ्या मुली थोड्याच. हळद काढणीच्या दिवसांत सकाळी आईबरोबर दुसऱ्याच्या रानात हळदीचे गड्डे मोडून कंद सुटे करायला जायचं आणि तिथूनच शाळा गाठायची. हात कितीही घासले तरी पिवळे ते पिवळेच. मी ते ओढणीखाली घालून वर्गात शिरायची. पण करीम सर दारातच उभे असायचे, स्वतःचे हात पाठीमागे बांधून. "हात दाखव, मग आत ये." प्रत्येकानं तळवे पुढे करायचे, सर वाकून बघणार आणि विचारणार, काय केलंस? उत्तर इंग्रजीत. कोणाचे हात चुन्याचे, कोणाचे शेणाचे, कोणाचे मेंदीचे. हाच आमचा व्याकरणाचा तास.

"आय हॅव ब्रोकन टर्मरिक," मी पहिल्या दिवशी कशीबशी म्हणाले.

"समदी मोडून झाली?"

"न्हाई सर. लई बाकी हाय."

"मंग झाल्याचं काहून सांगून राहिली? हळद राहू दे बाजूला. मी तुझे हात बघून राहिलो. सकाळपासून राबली, ते सांग. आय हॅव बीन ब्रेकिंग टर्मरिक." मग साऱ्या वर्गाकडे वळून म्हणाले, "काम दाखवायचं आसंल तर नुसतं हॅव. राबणारा माणूस दाखवायचा आसंल तर हॅव बीन. बराबर?"

आणि मग त्यांनी स्वतःचा तळवा माझ्यासमोर धरला. वडील भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरायचे, सर लहानपणी भाता मारायचे. अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग होता. "लाजायचं न्हाई, बेटा. हे बी शिकलेले हात हायेत." त्या दिवसानंतर माझी ओढणी खांद्यावरच राहिली. इंग्रजी मला नंतर आलं, मान वर करणं आधी आलं... आणि हे कोणत्याही मार्कलिस्टवर लिहून येत नाही.

बाजारातल्या गाइडात एक झटपट नियम होता. वाक्यात सिन्स किंवा फॉर दिसलं की डोळे मिटून हॅव बीन लावा. सरांना त्या गाइडाची भयंकर चीड. तो नियम पाठ करून आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं, आय हॅव बीन नोइंग माय मदर सिन्स बर्थ. सर हसता हसता खाली बसले. "अरे येड्या, आईला वळखत राहतं का कोणी? ती वळखलेलीच आसती. तिथं नुसतं हॅव नोन." सरांनी दाखवलेला हा फरक आजही माझ्या पोरांना मी असाच सांगते आणि पोरं आजही हसतात.

मी इथे नोकरीला लागले त्या वर्षी एका बड्या पालकाची तक्रार आली. त्यांच्या लेकराला म्हणे रोजंदारांच्या पोरांबरोबर रांगेत उभं करतात, हात तपासतात. सचिवांनी सरांना बोलावलं. मीही ऑफिसात होते. सचिव म्हणाले, "परीक्षेत हात विचारतात का, सर? गाइड शिकवा. आम्हाला निकाल पाहिजे."

"साहेब, लेकरू हाताला लाजून राहिलं. आधी ती लाज काढू द्या, निकाल मागून येतोच."

पुढच्या सोमवारी वेळापत्रक बदललं. सर पाचवीवर गेले. पाचवीच्या दारातही ते तसेच उभे राहिले. तिथले हात शाईचे आणि बोरांनी चिकट झालेले. मला मात्र आजही ते वेळापत्रक आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. ज्यांना शिकवण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी ठरवायचं करीम सरांनी काय शिकवावं!

शोकसभेत सचिव तासभर बोलले. सरांनी शाळेला दिलेले निकाल, निकाल आणि निकाल. झालेलं काम तेवढं यांना दिसलं, राबणारा माणूस तिथेही दिसला नाही. सभा संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "बाई, सरांचं ते हात बघणं तुम्ही दहावीला पुन्हा सुरू केलं म्हणे. बंद करा. कोणाची तक्रार नको. मी सोमवारी येऊन बघतो." हॉलमध्ये सरांच्या फोटोवरचा हार अजून ओला होता. 

सोमवार उजाडला. सध्या हळद निघते आहे, निम्मा वर्ग पिवळ्या हातांचा. मी दारात उभी होते, करीम सर उभे राहायचे तिथेच. मुलामुलींची रांग पुढे सरकत होती, आय हॅव बीन वॉशिंग, आय हॅव बीन डिगिंग. शेवटची मुलगी आत गेली आणि तिच्या मागे सचिव आले, कडक इस्त्रीत. ते आत शिरणार तोच मी म्हणाले, "सर, हात दाखवा, मग आत या."

 सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. मी ओढणीखाली घालायची ना, अगदी तसेच. नोटीस येईल ती येवो. मी दारातून हलले नाही.