बिनाभुताचं भुताचं पिक्चर अन् माहा माईक

टॉकीजमध्ये काम केलं की माणसाच्या डोक्यात पिक्चरपेक्षा टॉकीजचेच किस्से जास्त साचते. आमची ढाणकीची टॉकीज आता बंद हाये, पण टपरीवर चहा पिता पिता कोणी नुसतं "भुताचं पिक्चर" म्हटलं तरी माहं तोंड सुरू होते. अन् तोंड सुरू झालं की त्या दिलीपचं नाव येतेच. काहून नाही येणार? अख्ख्या जिंदगीत मी कोणावर एवढा जळलो नाही, जेवढा त्या माणसावर जळलो!

माहं नाव गजानन. लोक गजाभाऊ म्हणत. ऑटोवर भोंगे बांधायचे, हातात माईक घ्यायचा अन् गावोगाव पिक्चरची जाहिरात करत फिरायचं, हे माहं काम. दहा गावात लोक मले चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखत.

माही जाहिरात ठरलेली होती. "रक्ताच्या चिळकांड्या! काळजाचा थरकाप! कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये!" पिक्चर कोणतंही असो, आपण कायले बदलायचं? एकदा एका संताचं पिक्चर लागलं. तोंडाले सवय! फुलसावंगीच्या मंदिरापुढं ऑटो उभा केला अन् म्हणून बसलो, "कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये!" म्हाताऱ्या बायांचा टेम्पो येणार होता, तो आलाच नाही. उलट पोट्टे आले अन् इंटरवलच्या पहिलेच खुर्च्या आपटायले लागले, "अबे, रक्त कुठं हाये?"

*

ते कापसाचे वाईट वर्षं होते. पहिले कापूस विकला की लोक बैलबंड्या जुंपून, बायकापोरं घेऊन पिक्चरले येत. त्या वर्षांत कापूस घरातच पडून, भाव नाही, अन् टॉकीज रिकामी. आमचे मालक, त्यायले आम्ही शेठ म्हणो, ते रोज सकाळी माह्यावर डाफरत. "गजा, पब्लिक आण बाप्पा! नाहीतर टॉकीजचं गोडाऊन करून टाकतो!"

अशात पुसदवरून दिलीप आला. पुसदले त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, ती बुडाली. लायब्ररी बुडवलेल्या माणसाले शेठनं आमच्या टॉकीजचा पब्लिसिटी मॅनेजर केलं! इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, अन् बोलण्यात सारखं "सायकॉलॉजी". मले त्या शब्दाचाच राग होता. मले येत नव्हता न तो.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाले रिकाम्या हॉलमध्ये बसवलं. शेठ, मी, अन् वर केबिनमध्ये मशीन चालवणारे रहमानचाचा. एका येणाऱ्या पिक्चरचं ट्रेलर लावलं. घरात एक बाई एकटी. ती ताट वाढते. मंग दुसरं ताट वाढते. पाणी ठेवते. म्हणते, "जेवायला या." कोणी दिसत नाही. फक्त पायाचा आवाज. मंग आवाज बी बंद. अन् पिक्चरचं नाव.

"भूत कुठं हाये याच्यात?" मी म्हटलं.

"भूत नाहीच," दिलीप म्हणे. "हे डोक्यातल्या भेवाचं पिक्चर हाये. भूत दाखवलं की माणूस म्हणते, बरं, असं हाये काय, अन् घरी जाते. नुसतं ताट दाखवलं की ते ताट तो घरी घेऊन जाते. ट्रेलरनं उत्तर द्यायचं नसते, फक्त प्रश्न टोचायचा असते."

"ताट तर माह्या घरी बी हाये," मी म्हटलं, "ते पाहाले कोणी तिकीट काढते काय?"

सगळे हासले. मी बी छाती फुगवून हासलो. तेवढ्यात मागून कोणीतरी माह्या खांद्यावर हात ठेवला अन् मी असा किंचाळलो का शेठच्या हातातला चहा शेठच्याच धोतरावर! मागं रहमानचाचा उभे होते. चहाचा कप मागायले आलते.

"देखो," चाचा म्हणे, "ट्रेलर का असर तो हो गया!"

*

आमच्याकडं ट्रेलर इंटरवलले चालत. म्हणजे कोणीच पाहे नाही. घंटी वाजली, लाईट लागले, का पब्लिक भज्यावर तुटून पडे.

दिलीपनं नवीन टूम काढली. घंटी नाही, लाईट नाही. पिक्चर थांबलं का अंधारातच ट्रेलर सुरू. लोक उठता उठता अर्धे उभेच राह्यले. ती बाई म्हणाली, "जेवायला या," अन् दिलीपनं सांगतल्याप्रमाणं चाचांनी आवाज पुरा कमी केला. अख्खा हॉल चिडीचूप. दिलीपनं मले कोपरानं ढोसलं. "पाह्यलं? आवाज गेला का माणूस स्वतःचाच श्वास ऐकते."

मी माहा श्वास ऐकून राह्यलो होतो. त्यात नुसती जळजळ होती!

पण देव हाये म्हणतात ते खोटं नाही. थोड्या वेळानं कँटीनवाला झारा घेऊनच आत आला. "माहे भजे थंडे पडून राह्यले! पब्लिक बाहेर काहून येत नाही?" मले तर उकळ्याच फुटल्या. मीच त्याले आणखी हवा भरली. "हा नवीन मॅनेजर तुह्या पोटावर पाय देऊन राह्यला," म्हटलं, "सोडू नको त्याले!" तरातरा गेला तो दिलीपकडं. मी मागं मागं, तमाशा पाहाले.

कँटीनवाल्यानं झारा उगारला. मंग खाली घेतला. म्हणे, "साहेब, ते दुसरं ताट कोणाचं हाये?"

*

मंग दिलीप माह्या ऑटोत बसला. माह्या! म्हणे, गजाभाऊ, गावात गेल्यावर एवढंच म्हणा, "बाई घरात एकटी हाये. ताटं दोन वाढते." अन् माईक बंद करा.

"बंद? चालू माईक बंद करायचा?"

"तीच तर सायकॉलॉजी हाये."

फुलसावंगीच्या चौकात मी म्हटलं, "बाई घरात एकटी हाये. ताटं दोन वाढते." बंद करायले बटनावर बोट ठेवलं, पण भाऊ, मले शांतता सोसत नाही. तोंडातून निघूनच गेलं, "अन् मंग भूत येते! रक्ताच्या चिळकांड्या!"

पारावरचा बुढा म्हणे, "भूत होय? ते तर आमच्या विहिरीवर बी हाये. ढाणकीले कायले जायचं?"

पुढच्या गल्लीत दिलीपनं माईक हातातून घेतला. हळू आवाजात दोन वाक्यं बोलला, अन् खट्! बंद. हँडपंपावरच्या बाया पाण्याचे गुंड तसेच ठेवून ऑटोमागं आल्या. "मंग काय होते जी? सांगा न!" तो फक्त हासला. माह्याकडं कोणी ढुंकून पाहे ना. शेवटी एक बाई माह्याकडं वळली. मले वाटलं, आवाजावरून ओळखलं असंन.

ती दिलीपले म्हणे, "तुमच्या ड्रायव्हरले जरा ऑटो हळू घ्यायले सांगा, आम्हाले ऐकू येत नाही."

*

दुपारी घरी आलो. माही बायको सुनंदा, लग्न झाल्यापासून माही जाहिरात ऐकून कानात बोटं घालते. त्या दिवशी वाढता वाढता म्हणते, "काहो, तुमच्या टॉकीजात तो नवीन कोण हाये? आज तुमच्याच ऑटोतून आपल्या गल्लीत बोलून गेला. लय गोड बोलते बाप्पा! मले तर ते पिक्चर पाहाच लागते."

मी ताटावरून उठलो. कायचं जेवण! माह्या घरात, माह्याच भोंग्यातून, तो माह्या बायकोशी बोलून गेला!

"बसा चुपचाप," सुनंदा म्हणे, "या घरातलं दुसरं ताट कोणासाठी असते, माहीत नाही काय?"

*

पिक्चर लागायच्या पहिले शेठनं सांगून टाकलं, "हे पिक्चर भरलं, तर माईक दिलीपचा. गजा, तू गेटवर तिकिटा फाडायच्या."

गेटवर! ज्याच्या आवाजावर दहा गावं चालत, त्यानं तोंड बंद करून तिकिटा फाडायच्या! माह्या डोळ्यात पाणी आलं भाऊ, खोटं नाही सांगत.

पिक्चरची पेटी आली. रील तपासायले चाचांनी सकाळी चालवून पाह्यली, तवा मी सगळं पिक्चर पाहून घेतलं. शेवटी कळते का बाईचा दीर माळ्यावर लपून बसलेला असते अन् तिले वेडी ठरवायच्या मागं लागलेला असते. दुसऱ्या ताटातलं गुपचूप तोच खाऊन जाते. एवढीशी गोष्ट! अन् त्याच्यासाठी अख्खा तालुका येडा होऊन राह्यला होता.

मंग मी बी म्हटलं, थांब बेट्या. तुह्या प्रश्नाचं उत्तरच देऊन टाकतो!

ढाणकीच्या बाजाराचा दिवस. माणसाले माणूस घासून चाललेलं. मधोमध ऑटो उभा केला, भोंगे पुरे मोठे केले, अन् ओरडलो, "ऐका हो ऐका! दुसरं ताट दिराचं हाये! दीर माळ्यावर लपून बसला हाये! आता पिक्चर पाहाची कोणाले गरज नाही!"

बाजार एकदम चूप. मले लय बरं वाटलं. आता मारा म्हटलं तुमची सायकॉलॉजी!

तेवढ्यात मिरच्या विकणारी बुढी म्हणे, "गजा म्हणून राह्यला दीर. म्हणजे दीर तर नक्कीच नाही!"

"हाव न!" भाजीवाला म्हणे. "हा कधी खरं बोलला काय? संताच्या पिक्चरमध्ये रक्त सांगत होता!"

"मंग कोण असंन? सासू?"

"नवराच असंन!"

"अबे, बाईच येडी असंन, दुसरं कोणीच नसंन!"

पैजा लागल्या. मी भोंग्यातून बोंबलून राह्यलो, "दीरच हाये! देवाशप्पथ दीर हाये!" जितकी शपथ घेतली, तितके लोक हासले, अन् तितके टॉकीजकडं पळाले. त्या दिवशी बाल्कनी भरली, खाली भरली, लोक पायऱ्यांवर बसले. बायांच्या बाजूले माही सुनंदा बी होती. भजे संपले, कँटीनवाला बी आत येऊन उभा राह्यला.

शेवटी माळ्यावरून दीर उतरला, तवा हॉलमध्ये अशी किंकाळी उठली का विचारू नका! पडद्यावरच्या बाईपेक्षा पब्लिक जास्त घाबरली. "अबे, गजा खरं बोलला!" "गजा खरं बोलला बे!" बाहेर पडणारे लोक दुसऱ्या शोच्या रांगेतल्यांना सांगत, "दीरच हाये रे!" अन् रांगेतले म्हणत, "जाय न! तुले गजानं पाठवलं काय?"

शेठ हार घेऊन धावतच आले. मी मान पुढं केली. शेठ माह्या बाजूनं निघून दिलीपपाशी गेले. "वा रे पठ्ठ्या! काय डोकं! खरं सांगायचं, अन् ते बी गजाच्या तोंडून! आजपासून माईक तुहा!"

दिलीपनं माह्याकडं पाह्यलं. त्याले सगळं समजलं होतं. मी मनात म्हटलं, आता सांगते हा, का गजाची चाल गजावरच उलटली.

"नाही शेठ," तो म्हणे, "माईक गजाभाऊकडंच राहू द्या. माह्या तोंडून निघालं तर लोक खरं मानतील. गजाभाऊच्या तोंडात खरं बी सेफ हाये."

शेठनं हार त्याच्या गळ्यात घातला, अन् माईक माह्या हातात देला.