पुसलेला रविवार

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हिराजीला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर माझं तोंड उघडलं असतं का? नसतंच.

मी डोंबिवलीचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बुद्धिबळ स्पर्धांच्या तारखा माझ्या वहीत असतात. रीत साधी. पत्रक छापण्याआधी आयोजकानं मला फोन करायचा, मी पेन्सिलीनं नोंद करायची, मग तो रविवार दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. कागद नाही, सही नाही — माझा शब्द, बस्स. मंडळी मला गमतीनं चित्रगुप्त म्हणत, आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

कळव्याचा हिराजी, माझा जुना मित्र, दरवर्षी गावच्या समाजमंदिरात स्पर्धा घ्यायचा. तीन वर्षांपूर्वीही त्यानं वेळेवर फोन केला, जानेवारीतला दुसरा रविवार मागितला. मी लिहून घेतला.

मग डोंबिवलीत आमची नवी स्पर्धा ठरली. पहिलीच, ठाणे-कल्याणच्या सगळ्या पट्ट्यासाठी, मुख्य संयोजक मी. तारीख मिळता मिळेना! गणपती, नवरात्र, दिवाळी, शाळांच्या परीक्षा. हॉल मिळाला तर पंच मोकळे नाहीत, पंच मिळाले तर हॉलमध्ये लग्न. सगळं जुळलं ते एकाच रविवारी. हिराजीच्या.

मागितला असता तर त्यानं दिलाही असता. पण मागायचं कुणी — मी? चित्रगुप्तानं? मी खोडरबर घेतलं.

आमच्याकडे गर्दी उसळली. कळव्यात पट मांडून ठेवलेले आणि खेळायला सात जण. संध्याकाळी त्याचा फोन आला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मी तुला फोन केल्ता ना रे?"

"नाही रे. वही समोरच आहे माझ्या, तुझं नाव नाही. वय झालं आता आपलं."

हे शेवटचं वाक्य मी कशाला जोडलं? कुणी मागितलं होतं? तो मग म्हणाला, "मीच इसरलो असंन."

त्यानंतर त्यानं स्पर्धा बंद केली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन कुलूप बघायला परत यायला लागला. गॅस बंद केला का, हे दोनदा विचारायचा. मग पटावर — चाळीस वर्षं खेळलेला माणूस — आपली चाल झाली की व्हायची आहे, हे समोरच्याला विचारू लागला. मी शेजारी बसून पाहत होतो. भीती वाटायची. तो विसरतोय याची नव्हे — त्याला कधीतरी नक्की आठवेल याची. इतका नीच मी.

गेल्या महिन्यात वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "भावोजी, यांचं विसरणं तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं? डॉक्टर विचारतील."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, त्या स्पर्धेच्या वेळी.

"थांबा हां, लिहून घेते," त्या म्हणाल्या. पेन सापडेपर्यंत मी थांबलो, आणि मग त्यांना तारीख सावकाश, नीट सांगितली.