पास झालेल्या मुलीची बैठक

नऊ जून. दोन खोल्या, चार जीव. त्या संध्याकाळी मामा धरून पाच.

दुपारी दहावीचा निकाल लागला होता आणि धाकटी गणितात व विज्ञानात आपटली होती. बाबा खाटेवर उशीला पाठ टेकून बसले होते. ट्रकच्या अपघातानंतर त्यांना तसेच बसावे लागे. आई भिंतीशी, मामा घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर, आणि धाकटी मधोमध जमिनीवर, गुडघ्यांत हनुवटी रोवून. ताई ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. खोलीत आणखी एक माणूस मावला असता. पण चहा करणाऱ्याने बसायचे नसते, हे त्या घरात कधी कुणी ठरवले नव्हते आणि कधी मोडलेही नव्हते.

"दोन विषय म्हणजे काय आभाळ कोसळलं?" मामा म्हणाले. "पुरवणी परीक्षा असते. महिनाभर शिकवणी लावू."

"मामा, तुम्हीपण दिली होती ना पुरवणी?" धाकटीने मान वर न करता विचारले.

"दोनदा दिली. म्हणून तर सांगतोय, अनुभवाचे बोल आहेत."

आई हसली, बाबाही हसले. मग तंत्रशाळेचा विषय निघाला. तिथे मुलींना शिवण आणि वायरिंग शिकवतात म्हणे. बाहेरून परीक्षेला बसण्याचा निघाला. बाबांनी पहिल्यांदाच धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, "तुला काय वाटतं बाळा? तुझ्या मनात काय आहे?"

ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपात पडायचा थांबला तेव्हा तिला ते कळले.

चार वर्षांपूर्वी ताई याच परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली होती. त्या महिन्यात बाबा दवाखान्यात होते. निकालानंतरच्या सोमवारी आईने तिला शेजारणीबरोबर धुलाईखान्यात पाठवले आणि ती गेली. तिच्यासाठी बैठक बसली नाही. जी मुलगी पास होते तिचा प्रश्न सुटलेलाच असतो, असे घर धरून चालले. अडचणीतली घरे असे पुष्कळ काही धरून चालतात. ती मधूनमधून मनाशी म्हणे, एकीचे तरी शिक्षण पुरे होईल. दोन्ही पाळ्या करून परत येताना या वाक्याचा तिला आधार वाटे.

त्या बैठकीत शेवटी एवढेच ठरले की सुट्टीभर धाकटीने ताईबरोबर कामावर जावे. "चटका बसला की पुस्तक आठवेल," मामा म्हणाले. ताईचा हिशेबही तोच होता.

धुलाईखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येत. वाफेच्या रोलरमधून निघालेली मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. दोघींनी दोन टोके धरायची, एक झटका द्यायचा, मधोमध दुमडायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचे. एकीने आपली टोके दुसरीच्या हाती द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरायचे. रोलरच्या आवाजात लांबून बोललेले ऐकू येत नाही. त्यामुळे तिथल्या बायका टोके जुळताना बोलतात. प्रत्येक घडीला एखादे वाक्य.

धाकटीला चटका बसला, पण पुस्तक आठवले नाही. आठवड्याभरात तिचा हात बसला. मुकादम बाईंना ती तोंडावर 'मोठ्या सरकार' म्हणे आणि बाई, ज्या ताईशी चार वर्षांत कामापलीकडे बोलल्या नव्हत्या, धाकटीच्या पाठीत धपाटा घालून हसत. जेवणाच्या सुट्टीत बायका तिला मधे घेऊन बसत. ताई नेहमीप्रमाणे खिडकीशी बसे.

एका दुपारी टोके जुळली तेव्हा धाकटी म्हणाली, "मला नाही बसायचं परत."

दोघी मागे सरल्या. पुढच्या घडीला ताईने विचारले, "पेपरला?"

"पेपरला नाही आणि वर्गातही नाही."

पुन्हा मागे.

"वर्गात बसलं की माझे कान मिटतात, ताई. इथे उघडे असतात. बाई म्हणाल्या, दुसऱ्या पाळीला जागा आहे."

ताईच्या हातून टोक सुटले. ओल्या फरशीवर अर्धी चादर पडली.

"धुतलेलं परत धुवायला लावा मला," मुकादम बाई लांबूनच ओरडल्या. "एक बहीण आणली तर दुसरी बिघडली."

त्या रात्री जेवताना ताई म्हणाली, "ती दुसरी पाळी करणार असेल, तर मी माझी सोडते. संध्याकाळच्या शाळेत नाव घालते. अकरावीला."

या एका वाक्यासाठी तिने वाटभर कारणे जुळवली होती. नकाराला काय उत्तर द्यायचे, रडायचे नाही, आवाज चढवायचा नाही, सगळे.

"घाल की," बाबा म्हणाले. "दुसऱ्या पाळीचा पगार कुणाचा का असेना, घरातच येणार."

"डबा तेवढा आधी करून ठेव," आई म्हणाली.

तिची सगळी कारणे तशीच उरली. भांडण झाले असते, तर काही तरी हिसकावले गेले होते हे निदान दोन्ही बाजूंनी मान्य झाले असते. ती भाताचा एकच घास बराच वेळ चिवडत राहिली.

"तुला पुढे शिकायचं होतं?" बाबांनी थोड्या वेळाने विचारले. त्यांच्या आवाजात खरे आश्चर्य होते. "मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"तुम्ही दवाखान्यात होतात."

"हो, तेही खरंच," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितले. तिने उठून दिले.

धाकटी तिच्याकडे पाहत होती. तिला काही तरी कळल्यासारखे दिसले. पण ती सोळा वर्षांची होती आणि दिवसभर उभी होती. जेवल्या जागीच तिला झोप लागली.

जुलैपासून ताई त्या शाळेत जाते. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि ती भिंतीकडच्या बाकावर एकटी बसते. आजूबाजूच्यांना तिचे नाव अजून माहीत नाही. फळ्यावरचे तिला पुष्कळसे येते आणि मधले पुष्कळसे ती विसरलीही आहे. सुटून ती घरी पोहोचते तेव्हा धाकटी कामावरच असते. पूर्वी रोज एका चादरीची दोन टोके धरणाऱ्या बहिणींची भेट आता फक्त रविवारी होते, आणि त्या दिवशी धाकटी बहुधा झोपलेली असते.

घराने धाकटीला तिच्या मनातले विचारले आणि ते दिले. थोरलीला तिच्या संध्याकाळी परत केल्या. मधली चार वर्षे येणे बाकी आहेत. ती तिच्याकडून घेतली होती, हे अजून कुणी म्हटलेले नाही.