वरच्या कुरणाचं फाटक

२००६ साली अमेरिकन सैन्यात माझी पोस्टिंग न्यू मेक्सिकोत होती. काम एकच, युद्धात गेलेल्या जवानांना अंत्यविधीच्या वेळी मानवंदना द्यायची. इराकमध्ये गुडघा निकामी झाला म्हणून हे काम माझ्याकडे आलं. शिकागोला आई-बाबांकडे गेलो की डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात काका लोक अजून विचारतात, किती जणांना उडवलंस? मी पेढ्यांचा डबा उचलतो आणि निघतो. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एका फाटकाची.

त्या जुलैत कॉर्पोरल मातेओची शवपेटी आली. मातेओ इराकमध्ये माझ्याच स्क्वाडमध्ये होता. भारी बडबड्या. गस्तीवरून परतलो की बूट काढता काढता गावचं पुराण लावायचा. स्पेनच्या राजाने त्याच्या पूर्वजांना सनद दिली होती. घर आणि पाटाखालचं शेत ज्याचं त्याचं, डोंगरावरचं कुरण सगळ्या गावाचं. ताबा घेताना त्यांनी मूठभर गवत उपटलं, दगड फेकले, राजाचा जयजयकार केला. झाली जमीन त्यांची. मी म्हटलं, अशा कुरणाला आमच्याकडे गायरान म्हणतात. एकदा तो सहज म्हणाला, मी गेलो तर मला तिथे आजीशेजारी पुरा. मी त्याला शिवी घातली आणि हो म्हटलं.

पुढे अमेरिकेचं राज्य आलं. कोर्टाने घरं-शेतं मान्य केली, कुरण केलं नाही. ते विकलं गेलं, त्याचं गुरांचं खासगी रँच झालं. चराई गेली तशी गावाने मेंढरं विकली. मातेओचे आजोबा त्याच रँचवर पगारी गुराखी झाले. एके काळी गावाचं असलेलं कुरण, त्याचं कुंपण त्यांनी चाळीस वर्षं दुरुस्त केलं. गावाची दफनभूमीही त्या कुंपणाच्या आतच राहिली.

माझ्या मानवंदनेच्या तुकडीत सार्जंट व्हिन्सेंट होता. तो जवळच्याच पुएब्लोतला, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तिथे वसलेल्या मूळ रहिवाशांच्या गावातला. व्हॅनमध्ये मी त्याला सनदेची गोष्ट सांगितली. तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ते गवत आमचं होतं."

०९३० ला चर्चमधली प्रार्थना झाली. १०४० ला आम्ही फाटकाशी पोचलो. फाटकाला कुलूप होतं.

रँचचा मॅनेजर हॅट हातात घेऊन उभा होता. आदल्या दिवशी त्याने होकार दिला होता, खड्डाही खणून तयार होता. सकाळी मालकाचा दुसऱ्या राज्यातून फोन आला. जुन्या कबरी बघायला खुशाल या, नवी कबर नको. आज एक झाली की उद्या सगळं गाव हक्क सांगेल.

मी कॅप्टनना फोन लावला.

"प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, सार्जंट. खाली चर्चच्या आवारात उरका."

"सर, मी त्याला शब्द दिलाय."

"ऑर्डर ऐकलीत ना?"

"रॉजर, सर."

फोन ठेवला आणि व्हॅनमधला कटर काढला. बारा वर्षांच्या नोकरीत ऑर्डर मोडायला निघालो तो तेव्हाच.

मातेओच्या आजोबांनी माझं मनगट धरलं. कुंपण तोडायचं नाही, म्हणाले. मग मॅनेजरला ओलांडून ते व्हिन्सेंटसमोर गेले आणि त्यांनी हॅट काढली.

"आम्ही राजाला विचारलं, कोर्टाला विचारलं, मालकाला विचारलं. तुम्हा लोकांना कधीच नाही. आज विचारतो. माझ्या नातवाला इथे ठेवू का?"

व्हिन्सेंट अटेन्शनमध्ये होता.

"चावी माझ्याकडे नाही, आजोबा. परवानगी आहे."

चावी मॅनेजरकडे होती. तारा ताणायला तो पोरवयात याच म्हाताऱ्याकडून शिकला होता, हे मला मागाहून कळलं. त्याने कुलूप काढलं, फाटक पूर्ण उघडलं आणि ट्रकमध्ये आमच्याकडे पाठ करून बसला. महिन्याभरात त्याची नोकरी गेली. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

११२५ ला सात रायफलींच्या तीन फैरी झाल्या. बिगुल वाजला. घडी केलेला झेंडा मी आजोबांच्या हातात दिला. देशाच्या वतीने आभाराचं ठरलेलं वाक्य म्हटलं. मग व्हिन्सेंट वाकला, त्याने मूठभर गवत उपटलं आणि आजोबांच्या ओंजळीत ठेवलं. आजोबांनी ते शवपेटीवर सोडलं.

मातेओ बावीस वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला सात फूट जमीन आली. त्या अख्ख्या कुरणात, माझ्या माहितीप्रमाणे, मूळ धन्याला विचारून घेतलेली जमीन तेवढीच आहे.