पॅडला लावलेली कणीक

ओल्या कणकेचा वास आला की मला मुलुंडच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे बाबांनी भजनातला पखवाज कपाटावर चढवला होता आणि ते गप्प गप्प असायचे. म्हणून मी पखवाजासारखा आवाज काढणारं, बोटांनी वाजवायचं एक स्वस्तातलं रबरी पॅड आणून लॅपटॉपला जोडलं, बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी थाप मारली, पण आवाजच नाही. मी सॉफ्टवेअर धुंडाळत असताना बाबा म्हणाले, "डाव्याक कणीक नाय लावलस, आवाज कसो येतलो?" आणि पखवाजाला लावतात तसा आईकडचा कणकेचा गोळा त्यांनी पॅडच्या डाव्या बाजूवर थापला. तेवढ्यात मला सेटिंग सापडलं आणि त्यांची पुढची थाप हेडफोनमध्ये घुमली. "बघ, इलो आवाज!" बाबा केवढ्याने ओरडले! मी खरं कारण सांगितलंच नाही. ती वाळलेली कणीक पॅडच्या फटीत अजून आहे. मी काढत नाही, न जाणो आवाज गेला तर!