अर्ध्या टाक्यांची गादी

वैशाखातल्या एका मंगळवारी माझे वडील वारले. सकाळी ते गादीचं तोंड शिवायला बसले होते. अर्धं तोंड शिवून झालं होतं. सुई गादीतच राहिली.

शिवाजी पेठेत आमचं शिंप्याचं दुकान होतं आणि त्याला लागून कासीमचाचांचं पिंजाऱ्याचं. कापूस चाचा पिंजायचे, खोळ वडील शिवायचे. चाचा कापूस भरायचे आणि शेवटी गादीचं तोंड पुन्हा वडील शिवायचे. पिंजणाऱ्याने तोंड शिवायचं नाही, असा दोघांचा नेम होता. तो कधी ठरला, कोणी ठरवला, हे दोघांनाही सांगता येत नसे. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. महाराज संस्थानच्या गादीवर आल्याला थोडीच वर्षं झाली होती आणि पेठेत लग्नात गादी द्यायची नवी हौस आली होती, त्यामुळे दोन्ही दुकानांना उसंत नसे.

दिवाळी झाली की मृग लागेपर्यंत चाचा दुकानात कमी आणि गाडीत जास्त असत. त्यांच्या बैलगाडीवर बांबूच्या कामट्यांचं छप्पर होतं, त्यावर घोंगडी. आत शेगडी, पाण्याची घागर, नमाजाची चटई आणि आडव्या बांबूला टांगलेली पिंजायची कमान. तेच त्यांचं घर. बायको लवकर गेली होती आणि मुलगी मिरजेला दिली होती. या गाडीतून ते गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे, पण निघताना सांगितलेल्या गावी ते सरळ पोचले, असं मी कधी ऐकलं नाही. वाटेत कुणी म्हणालं की अमक्या गावात दोन शिंगांऐवजी तीन शिंगांची म्हैस आहे, की चाचा गाडी वळवायचे. "बगून तर यिऊ," एवढंच म्हणायचे. त्यांचे बैलही तसेच. फाटा दिसला की आपसूक चाल मंद करायचे.

वडिलांचे दिवस झाले तरी आई बोलली नाही. रडलीही नाही. ताट पुढे ठेवलं की दोन घास खायची आणि ताट सरकवायची. शेजारच्या बायका येऊन बसायच्या, बोलायच्या, उठून जायच्या. कोडोलीहून मामाचा निरोप आला, बहिणीला माझ्याकडे आणून सोड. मला तेच बरं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढून दुकान तरी हलेल. चाचा म्हणाले, "माझी गाडी हाय की. वहिनीस्नी मीच सोडतो."

गाडीत बसायला ती अर्धी शिवलेली गादी अंथरली होती. ज्यांची होती त्यांनी ती नाकारली होती. माणूस जिच्यावर गेला ती गादी लग्नात कशी द्यायची? वडिलांची सुई अजून तिच्यात होती. ती कोणी काढली नव्हती. आई सुईच्या बाजूला बसली, तिला धक्का लागणार नाही अशी.

पेठ मागे पडली आणि गाडी भलत्याच दिशेला लागली.

"चाचा, कोडोली तिकडं राहिली," मी म्हणालो.

"हाय की तिकडं. जागची हलनार हाय का?"

"मग आपण कुठं चाललोय?"

"कबनूरला. मास्तर, तिथं एका हिरीच्या आत, दगडातनं आंब्याचं झाड उगवलंय म्हनं. आंबं पान्यात पडत्यात आन् बाया बारडीनं काढत्यात. तुज्या पुस्तकात हाय का असलं झाड?"

कबनूर उगवतीला, कोडोली मावळतीकडे. आईची ही अवस्था, मामा वाट बघत बसलेला आणि या माणसाला विहिरीतला आंबा बघायचा होता. मी रागाने त्यांच्याकडे पाठ करून बसलो. चाचा मात्र एकटेच बोलत होते, कधी बैलांशी, कधी आमच्याशी. वाटेत दोन गावांना गाडी थांबली. दोन्हीकडे त्यांनी झाडाखाली कमान लावली, लाकडी ठोकळ्याने तिच्या ताणलेल्या तातेवर ठोके दिले, कापूस उडवला, गादी भरली आणि तोंड उघडंच ठेवून ते निघाले. लोकांनी शिव्या दिल्या. मी म्हणालो, "गावात शिंपी असेल की एखादा."

"असंल. त्याला तुमीच सांगा म्हनलं त्यास्नी. मी न्हाय सांगनार."

कबनूरला आंबा खरोखरच होता. विहिरीच्या निम्म्यातून खोड आडवं निघून वर वळलं होतं आणि काळ्या पाण्यावर पिवळे आंबे तरंगत होते. चाचा लहान मुलासारखे काठावर पालथे पडून बघत राहिले. आई गाडीतून उतरली, विहिरीपाशी आली, वाकली. बराच वेळ बघत राहिली. चाचांनी बादलीने एक आंबा काढला, धोतराला पुसला आणि तिच्या हातात दिला. तिने तो गाडीत नेऊन ठेवला. खाल्ला नाही.

विहिरीसमोरच्या कोष्ट्याच्या घरात लेक बाळंतपणाला यायची होती. घरच्या बाईने जुनी गादी पिंजायला बाहेर आणली. चाचांनी कापूस असा पिंजला की अंगणभर ढग बसल्यासारखं दिसलं. मग गादी भरली, थोपटली, आणि कमान गाडीत टांगायला निघाले.

"अवो पावणं, तोंड कोन शिवनार?" बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी पिंजतो, भरतो. शिवनारा मानूस गेला."

"गेला तर दुसरा बगा की! ही गादी हाय का भाताचं पोतं? उद्या माजी लेक येतीया. तिला काय कापसावर झोपवू?"

"मावशी, माज्या कापसाचं तोंड आजवर एकाच हातानं मिटलंय. माजा हात न्हाय लागत त्याला."

"मग आलासाच कशाला? आंबं बगायला?"

"व्हय," चाचा म्हणाले, "आंबंच बगायला."

बाईला हसावं की भांडावं कळेना. तेवढ्यात गाडीत हालचाल झाली. आई गुडघ्यांवर बसली होती. तिने गादीतली वडिलांची सुई हळूच उपसली, दोरा दातांनी तोडला, टोकाला गाठ मारली आणि खाली उतरली.

"भावजी," ती म्हणाली, "कड धरा."

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. तो बसलेला होता, जरा चिडकाही. चाचांनी गादीची कड दोन्ही हातांनी धरली. आईने टाका घातला. वडिलांच्या टाक्यापेक्षा तो आखूड होता. चाचांची मान खाली होती आणि त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं. कोष्टीण पुढे झाली आणि तिनेही कड धरली.

शिवून झाल्यावर आई गाडीत चढली आणि मला म्हणाली, "दत्तू, मगाचा आंबा कुठाय?"

परतीच्या वाटेवर त्या दोन्ही गावांत गाडी पुन्हा थांबली. उघड्या राहिलेल्या गाद्या आईने शिवल्या. कोडोलीला पोचलो तेव्हा मामा ओट्यावरूनच ओरडला, "कुटं गेलतासा इतकं दिस?"

"आंबं बघायला गेलतो," आई म्हणाली.

ती तिथे राहिली नाही. पाऊस लागायच्या आत त्याच गाडीतून पेठेत परत आली आणि वडिलांच्या जागेवर बसली. बायामाणसाने दुकानात बसावं का, यावर पेठेत काही दिवस बोलणं झालं. चाचा दारात येऊन जोराने म्हणायचे, "ज्याला गादी पायजे न्हाय त्यानं बोलावं. बाकीच्यांनी रांगंत उबं राहावं."

पुढे अनेकदा मी त्यांना विचारलं. तुम्ही मुद्दाम गाडी तिकडे वळवली का? गाद्या मुद्दाम उघड्या ठेवल्या का? ते हसायचे. "मास्तर, तुला सगळं कुनीतरी आदी लिवून ठेवल्यागत वाटतं. मला आंबा बगायचा हुता." मला हे उत्तर कधी पुरलं नाही. अजूनही पुरत नाही. पण त्यांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, हेही खरं.

चाचा गेले ते एका वाटेवरच, कागलच्या अलीकडे, गाडीत झोपलेले असताना. बैल फाट्यावर वळून उभे होते. आई त्यानंतर काही वर्षांनी गेली.

ती नाकारलेली गादी आईने कोडोलीहून परत आल्यावर पुरी केली होती. ती आता माझ्याकडे आहे. तोंडाला अर्धे टाके वडिलांचे आहेत, अर्धे आईचे. आतला कापूस चाचांनी पिंजलेला आहे.