आईने सोडलेला खर्च

वडील गेल्यावर मोहन्यातलं रेशनचं दुकान आईच्या नावावर झालं. मी लग्न होऊन घोडबंदर रोडला राहत होते, धाकटा भाऊ आईजवळ. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीनवर उमटत नसे. आई त्यांचं बोट पदराने पुसून पुन्हा पुन्हा लावून बघायची. मागे रांग कुरकुरायची, पण तिने कुणाला रिकाम्या पिशवीने परत पाठवलेलं मला आठवत नाही.

एका दुपारी शिधावाटप कार्यालयाची माणसं तपासणीला आली. गव्हाची काही पोती कमी भरली. ती भिजलेली आली म्हणून आईनेच परत पाठवली होती, आणि याच कार्यालयाने ती परत घेतलीही होती. तिने तसं सांगितलं, पण कोणी लिहून घेतलं नाही. पुढे एक दिवस परवाना रद्द झाल्याचा आदेशच आला. तपासणीच्या अहवालात काय आहे ते तिला दाखवलं नाही, सुनावणीला बोलावलं नाही.

शेजारची एक बाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "गरिबांचा गहू खाल्ला हिने." त्याच बाईच्या नातीच्या बारशाला आईने घुगऱ्या शिजवल्या होत्या. आई अर्धा भरलेला हंडा उचलून घरी आली. पुढे ती पाण्याला दुपारी जायला लागली, नळावर कोणी नसताना.

ठाण्याच्या एका वकीलबाईंनी हायकोर्टात अर्ज केला. त्यांची फी रास्तच होती, पण तेवढीही आमच्याकडे नव्हती. शहाडला वडिलांनी भावासाठी घेतलेली एक खोली होती, ती आईने विकली. भावाचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांनी ती खोली बघूनच होकार दिलेला. खोली गेल्याचं कळलं तसे त्यांचे फोन कमी झाले, मग बंद झाले. भाऊ आईला एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं, केस महत्त्वाची आहे." नंतर कामाचं निमित्त काढून तो टिटवाळ्याला भाड्याने राहायला गेला.

निकाल लागला तेव्हा आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं. वकीलबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "मावशी, आदेश रद्द झाला. तुमचं म्हणणं न ऐकता परवाना काढून घेतला, हे अन्यायाचं आहे असं कोर्टाने म्हटलंय. केसचा खर्चही सरकारने द्यायचा, आणि तो रद्दचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून कापायचा."

आईने विचारलं, "म्हणजे खोलीचे पैसे येतील?"

"सगळे नाही. पण बरेचसे."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

पण पैसेही येईनात आणि दुकानही उघडेना. कार्यालयात गेलो की फाइल वर गेलीय म्हणायचे. शेवटी त्या अधिकाऱ्यानेच आम्हाला बोलावलं. निवृत्तीला आलेला माणूस. आईला त्या कार्यालयात पहिल्यांदाच कोणी खुर्ची दिली.

"बाई, खर्च माझ्या खिशातून जाणार. मी अपील केलं तर आणखी वर्षं जातील, तुमचं दुकानही अडकेल. खर्च नको असं लिहून द्या, दुकान या महिन्यातच सुरू करून देतो."

मी म्हटलं, "आई, अजिबात लिहून द्यायचं नाही." वकीलबाईंनीही फोनवर तेच सांगितलं.

आई त्याच्याकडे बघत होती. "मला आत बोलावून एकदा विचारलं का नाहीत, साहेब?"

तो म्हणाला, "तेव्हा तशी घाई होती."

तिने कागद पुढे ओढून सही केली. बाहेर जिन्यात मी चिडून काहीतरी बोलले. ती कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "पैसे आले तर ते तुला न् मला कळेल. दुकान उघडलं की आख्ख्या आळीला कळेल, अगं."

दुकान खरंच उघडलं. पण मधल्या काळात लोकांना दुसऱ्या दुकानाची सवय लागली होती. आता कार्ड कुठेही चालतं. सकाळी शटर वर करून ती बसायची. थोडी जुनी माणसं यायची. शेजारची ती बाईही एकदा आली, तांदूळ घेतले, खाली बघत गेली. आईने तिला नेहमीसारखं पुरतं माप दिलं. चोर म्हणणाऱ्यांपैकी कोणी 'चुकलं' असं म्हणायला आलं नाही.

पुढच्याच वर्षी गुडघे दुखतात म्हणून तिने परवाना स्वतःहून परत केला. आता ती माझ्याकडे असते. भावाने लग्न केलं नाही. तो रविवारी येतो, आईच्या पायांना तेल लावून देतो. आम्ही तिघं बरंच बोलतो, शहाडचा विषय मात्र कोणी काढत नाही. गेल्या रविवारी तो निघाल्यावर आई गॅलरीतून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. आत आल्यावर मला म्हणाली, "त्याला तरी मी विचारायला हवं होतं का गं, खर्च नको म्हणून सही करायच्या आधी?"